भरिताला टाळी

नाटकात भरिताचं नाव आलं आणि सगळं नाट्यगृह उठून बसलं. जळगावच्या महाबळमधलं संभाजीराजे नाट्यगृह, मुंबईहून दौऱ्यावर आलेलं विनोदी नाटक, दुसरा अंक. रुसलेल्या बायकोला नायक म्हणतो, 'चल, आज बाहेर जेवू.' मुंबईच्या प्रयोगात पुढे कुठल्याशा हॉटेलाचं नाव येत असणार. आमच्याकडे तो जरा थांबला, प्रेक्षकांकडे तिरका डोळा टाकला आणि म्हणाला, 'भरीत-पुरी खाऊ, बामणोदच्या वांग्याचं!' टाळ्या, शिट्ट्या, मागून कुणाचं तरी 'वा भो!' नट दोन पावलं मागे सरकला आणि टाळी ओसरायची वाट बघत उभा राहिला. टाळी येणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मीही वाजवली. थोड्या वेळानं त्याच नाटकातल्या बाईनं, इतक्या वर्षांत आपल्याला काय आवडतं हे कुणी विचारलंच नाही, अशा अर्थाचं एक वाक्य फार सुंदर म्हटलं. आवाज न चढवता, भाजीची पिशवी रिकामी करता करता. त्याला कुणी हूं की चूं केलं नाही. लोक अजून भरितातच होते.

त्या टाळीनं मग वर्षभर पिच्छा सोडला नाही. हा नट नंदुरबारला गेला की मिरचीचं नाव घेत असेल, धुळ्यात पांझरेचं, आणि प्रत्येक गावाला वाटत असेल की याला आपली काय माया! त्यात वाईट काही नाही. दौऱ्यावरची मंडळी दिवसभर बसमध्ये अवघडून येतात, संध्याकाळी परक्या गावात उभी राहतात, त्यांनी गावाला चार शब्दांचा नमस्कार केला तर बिघडलं काय? पण पाहुण्यानं आपल्याच डब्यातला लाडू काढून आपल्या हातावर ठेवावा आणि आपण 'अहो, कशाला?' म्हणत हरखून जावं, तसं काहीसं त्या टाळीत होतं. भरीत आम्ही आठवड्याला खातो. रंगमंचावर त्याचं नुसतं नाव आलं तर एवढं काय झालं?

नाटकांचं हे वर्ष काही ठरवून सुरू झालं नव्हतं. मुलगी नोकरीला पुण्याला गेली, ह्यांची लोकोशेडमधली ड्युटी बरेचदा रात्रीची, आणि संध्याकाळी भुसावळच्या घरात मी, सासूबाई आणि मालिका. एकदा जळगावला एका लग्नाला गेलो होतो, तिथे रस्त्यात नाटकाची जाहिरात दिसली, तिकिटं काढली. मग लागोपाठ काढतच गेले. जे येईल ते, जिथे येईल तिथे. जळगाव सगळ्यात जवळ, पंचवीसेक किलोमीटर. धुळ्यात भाऊ असतो, त्यामुळे शाहू महाराज नाट्यमंदिरातलं नाटक म्हणजे मुक्कामी माहेरपण. मुंबई-पुण्याच्या लोकांना आज कुठलं नाटक बघू असा प्रश्न पडतो. आमच्याकडे नाटक कधी येणार, हा प्रश्न. आलं तर ते आपल्याला आवडतं की नाही हे बघत बसायची चैन परवडत नाही.

सासूबाई पहिल्यांदा नको म्हणाल्या. "एवढे पैसे देऊन आंधारात बसाचं?" त्या यावल तालुक्यातल्या. त्यांनी पाहिलेली नाटकं म्हणजे गावातल्या गणपतीतली, पुरुषांनी लुगडी नेसून केलेली. पण घरी एकटं बसण्यापेक्षा बरं म्हणून आल्या, आणि दुसऱ्या नाटकापासून तिकीट त्यांना गृहीतच धरावं लागलं. नाटक सुटायला रात्रीचे बारा. ओळखीच्या एका मुलाची व्हॅन ठरवायची, तो बिचारा बाहेर डासांत झोपायचा. मग नशिराबाद, साकेगाव, वाघूरचा पूल असं करत परत येताना व्हॅनमध्ये आईंची समीक्षा. एका फार नावाजलेल्या कौटुंबिक नाटकावर त्यांनी एवढंच म्हटलं, "नाटक चांगलं व्हतं. पन ती बाई घरभर चपला घालून फिरे अन् तशीच सोफ्यावर पाय घेऊन बसे." मी कुठे कुठे या नाटकाची परीक्षणं वाचली होती. चपला कुणाच्याच नजरेत भरल्या नव्हत्या.

जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव असतो. ते नाटक नव्हे, पण जळगावात गाण्याचं एवढं भरलेलं नाट्यगृह एरवी बघायला मिळत नाही, म्हणून जायचंच. बालगंधर्वांच्या लहानपणाचा काही काळ जळगावात गेला, हे इथे प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगितलेलं असतं. खुल्या नाट्यगृहालाही त्यांचंच नाव आहे. 1905 साली ते किर्लोस्कर मंडळीत गेले आणि मग त्यांनी रंगमंचावर बाईनं कसं बसावं, पदर कसा घ्यावा, बोलावं कसं, याचा जो काही नमुना घालून दिला तो मराठी घरांत कित्येक वर्षं पुरला. गाणं ऐकता ऐकता मी त्यांच्या गाण्यापेक्षा त्या बोलण्याचाच विचार करत होते. जुन्या लोकांकडून ऐकलेलं त्यांचं ते लाडिक, गोड, स्वच्छ मराठी. ज्या नारायणानं जळगावच्या गल्लीत दिवस काढले, त्याच्या कानांवर इथली बोली पडली नसेल असं होणार नाही. ती रंगमंचावर येण्याचा प्रश्नच नव्हता. शकुंतला, सुभद्रा, भामिनी. यातली कोण 'मले' म्हणणार?

आमचे अण्णा धुळ्यात शाळामास्तर होते. घरात अहिराणी बोलायची ती फक्त आजी. तिचं ऐकून आम्ही 'माले' म्हटलं की अण्णा पेपरामागून, मान वर न करता, 'मला' म्हणत. रागावत नसत, चुकीच्या गणितावर लाल रेघ मारावी तेवढंच. आजी त्यांचीच आई. तिला त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही, पण आम्ही तिच्यासारखं बोलू नये याची काळजी घेतली. मला त्याचा राग नाही. त्या 'मला'वर मी शिकले, बँकेत लागले, भुसावळच्या लेवा पाटील घरात सून म्हणून आले तेव्हा 'शुद्ध बोलते' म्हणून माझं कौतुकही झालं. फक्त आजी गेली तेव्हा माझ्याकडे तिच्याशी बोलायची भाषाच उरली नव्हती. तिच्याशी मी अहिराणीत बोलायचे, आणि ती येईनाशी झाली होती.

उन्हाळ्यात फारसं काही आलं नाही. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत दौरा लावायची हिंमत कोण करणार? शिबिरातल्या मुलांचं एक बालनाट्य खुल्यावर पाहिलं, त्यात मधेच शेजारच्या रस्त्यावरून वरात गेली. राक्षस झालेला मुलगा डीजे संपेपर्यंत हातातली गदा खांद्यावर ठेवून शांतपणे उभा राहिला आणि मग पहिल्यापासून गरजला. पावसाळ्यात कॉलेजच्या मुलांच्या एकांकिका. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसली आणि नाटकांना सुट्टी पडली.

खरी चंगळ नोव्हेंबरात. 5 नोव्हेंबरचा रंगभूमी दिन होतो, नटराजाची पूजा होते, भाषणं होतात आणि मागोमाग हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी लागते. रोज एक नाटक. तिकीट चहा-भज्यांच्या पैशात, आणि तरीही निम्म्याच्या वर खुर्च्या रिकाम्या. पुढच्या दोन रांगांवर 'राखीव' अशा चिठ्ठ्या. ज्यांच्यासाठी राखीव ते येत नाहीत आणि जे येतात त्यांना तिथे कुणी बसू देत नाही. बाकी हौशी मंडळींची मला कमाल वाटते. कुणी शिक्षक, कुणी महावितरणात, कुणाचं मेडिकल. दोन महिने रात्री तालमी, पदरचे पैसे, टेम्पोतून आणलेला सेट. पडदा वर गेला की फ्लॅटवर रंगवलेली भिंत, त्या भिंतीतला दरवाजा वाजवला की आख्खी भिंत हलते आणि सगळे नट ती हललीच नाही असं वागतात. हा विश्वासच मला नाटकात फार आवडतो.

पण घर कुणाचं असतं ते? सोफा असतो, फोन असतो, मागे पुस्तकांचं कपाट. बाबा निवृत्त, आई हळवी, मुलगा अमेरिकेला निघालेला. जळगावच्या, भुसावळच्या, अमळनेरच्या नटांनी महिनोन्महिने राबून उभा केलेला पुण्यातला दिवाणखाना! किंवा मग काळे कपडे घातलेली पाच-सहा माणसं आणि मधे टांगलेला दोर, म्हणजे प्रतीक. परीक्षकांना काय आवडेल याचा एक अंदाज सगळ्यांनी बांधलेला असतो, आणि त्या अंदाजात ताप्ती नसते, केळीचा ट्रक नसतो, शेवभाजी नसते. पुन्हा तेच बघा. मुंबईचा नट आला की तो भरिताचं नाव घेतो आणि इथला नट ते कटाक्षानं टाळतो.

एका संध्याकाळी मात्र वेगळं नाटक लागलं. लहान गावातली मंडळी, नावंही कुणाला माहीत नसलेली. सेट म्हणजे एक बाज, एक मडकं आणि खांबाला टांगलेली मोबाईलची पिशवी. म्हाताऱ्या आईचा मुलगा सुरतेला कापडाच्या मिलमध्ये गेलेला, त्याचा फोन यायचा बंद झालेला. तिला फोन उचलता येतो, लावता येत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती फोन लावून दे म्हणते. सगळं नाटक आमच्या सासूबाईंच्या बोलीत. पहिलं वाक्य आलं, 'हालो, मी माय बोलू राह्यली!' आणि हशा. मला वाटलं, ठीक आहे, वाक्य गमतीचंच आहे. पण दुसऱ्यालाही हशा, तिसऱ्यालाही. म्हातारी म्हणाली, दोन दिवसांपासून घशाखाली घास उतरत नाही, हशा. प्रेक्षक वाईट नव्हते. आपली माणसं, आपलं बोलणं म्हणून खुशीत आले होते. पण बोलीत बोलणारं माणूस स्टेजवर आलं म्हणजे ते आपल्याला हसवायलाच आलं आहे, हे त्यांनी मनाशी धरलं होतं आणि त्यातून त्यांना निघता येत नव्हतं.

म्हातारीचं काम करणारी मुलगी बावीस-तेवीसची असेल. केसांना पावडर लावून पांढरे केलेले. शेवटी कुणीतरी बातमी घेऊन येतं. ती बातमी काय हे नाटककारानं बोलू दिलं नाही, येणारा माणूस फक्त पिशवीतून मोबाईल काढतो आणि बंद करून पुन्हा पिशवीत ठेवतो. मग ती मुलगी बाजेवर बसली आणि तिनं हेल काढला. 'अवं माह्या राजा वं...' असा, लांबवत, वर नेऊन खाली सोडलेला. त्याला लय होती, प्रत्येक ओळीत मुलाचं काहीतरी होतं, त्याची चड्डी, त्याची शाळा, त्यानं पाडलेल्या कैऱ्या. तिनं कपाळावर हात मारून घेतला तशी केसांतली पावडर उडाली आणि दिव्याच्या झोतात तरंगत राहिली. पुढच्या रांगा गप्प झाल्या होत्या. मागे अजून कुणीतरी हसत होतं. ते हसूही आता नाइलाजाचं, थांबायचं कसं ते न कळलेलं. आई खुर्चीत वळल्या, मागे बघितलं आणि चांगल्या मोठ्यांदा म्हणाल्या, "हिच्यात हासासारखं काय व्हतं वं?" प्रश्न मला होता की सगळ्यांना, कुणास ठाऊक.

परत येताना त्यांनी चपलांवर काही टिप्पणी केली नाही. साकेगाव गेल्यावर आपणहून बोलायला लागल्या. त्यांच्या माहेरी कुणी गेलं की बाया अशाच रडायच्या. नुसतं रडायचं नसायचं, गेलेल्या माणसाचं सगळं त्यात सांगायचं असायचं. ज्याला ज्याला जे ठाऊक ते त्यानं आपल्या हेलात घालायचं. आईंच्या एक लांबच्या काकू त्यात फार वाकबगार होत्या, आसपासच्या गावांहून माणसं त्यांना न्यायला यायची असं नाही, पण त्या आल्या की बायांना धीर यायचा. रडायला कुणीतरी सुरुवात करावी लागते. आईंची आई गेली तेव्हा त्या काकूंनी कळण्याच्या भाकरीपासून सुरू केलं होतं, तिची भाकरी कशी पातळ असायची इथपासून, आणि मग एकेक करत पाटातल्या पाण्यापर्यंत, वाटणीत गेलेल्या गाईपर्यंत आल्या होत्या. "पोरगीनं बरोबर धरलं व्हतं," आई म्हणाल्या. "पन शेवटाले सूर खाली सोडा लागते. ती वरच ठेवे." मी विचारलं, आता कुणी असं का रडत नाही? त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "लाज वाटते." मग जरा वेळानं, "सुना शिकेल असते ना."

महिन्याभरानं दत्तजयंतीला भाऊ-वहिनीबरोबर सारंगखेड्याच्या यात्रेला गेले. घोडे, घोड्यांच्या लिदीचा वास, गुळाची जिलेबी, तापीवरून येणारा बोचरा वारा. वहिनीला घोड्यांचा नाच बघायचा होता आणि मला तमाशा. भाऊ अवघडला. बायका येतात का, कुठे बसतात, याची त्यानं आधी दोघा-तिघांकडे चौकशी केली. बसलो एका कडेला. कनातीमागे, खेळ सुरू व्हायच्या आधी, फडातला सोंगाड्या आरशाचा तुकडा ट्रंकेवर टेकवून तोंडाला रंग लावत होता आणि खांद्यात मान मोडून मोबाईलवर कुणाशी तरी बोलत होता. "कापूसना काय भाव चाली ऱ्हायना? अरे, मंग इकू नको ना आते!" बोलणं चिंतेचं होतं. घरी कापूस पडून असावा, कुणीतरी विकायची घाई करत असावं. तो मध्येच रंग लावायचा थांबायचा, हिशेब करायचा, पुन्हा ब्रश उचलायचा.

मग गण झाला, गवळण झाली. मावशीचं काम करणाऱ्या पुरुषानं पदर दातात धरून जी काही ऐट केली ती कुठल्याही शहरी नटाला जमली नसती. वगात राजा आला. राजाची भाषा भरजरी, 'प्रधानजी, आमच्या राज्यात हा अन्याय?' अशी. आणि त्याच्यासमोर आपला सोंगाड्या, अहिराणीत. तोच आवाज, तोच हेल, अर्ध्या तासापूर्वी कापसाच्या भावासाठी लावलेला. तोंड उघडायचा अवकाश की लोक लोळत होते. मीही हसले, तो होताच तसा. पण हसता हसता स्पर्धेतला तो हशा कुठून आला होता हे मला समोर दिसलं. पिढ्यान्‌पिढ्या बोलीला स्टेजवर हीच जागा आहे. राजाचं दुःख प्रमाण भाषेत, आणि त्याच्या दुःखाची टिंगल बोलीत. आता तर मोबाईलवर खान्देशी कॉमेडीचा पूर आहे, तिथेही बोलीला तीच नोकरी. आम्हाला आमची भाषा ऐकायला भरपूर मिळते. तिला रडताना कुणी पाहिलेलं नाही, एवढंच.

भाऊ कॉलेजात संस्कृत शिकवतो. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, यात नवीन काय, संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि विदूषक, ब्राह्मण असूनसुद्धा, प्राकृत. मी म्हटलं, बघ, म्हणजे तेव्हापासून! तो म्हणाला, थांब, पुढे ऐक. शकुंतलाही प्राकृतच बोलते. भर दरबारात राजा तिला ओळखत नाही म्हणतो, तेव्हा ती त्याला जे काही सुनावते ते प्राकृतात. तिथे कोण हसतं? म्हणजे भाषा तीच. विदूषकाच्या तोंडी हसवते आणि तिच्या तोंडी काळीज चिरते. यावर आमचं धुळ्यापर्यंत भांडण झालं. त्याचं म्हणणं, दोष प्रेक्षकाचा नाही, लिहिणाऱ्यांनी बोलीला शकुंतला दिलीच नाही. माझं म्हणणं, त्या नोव्हेंबरातल्या पोरांनी दिली होती की. लोकांना ती ओळखता आली नाही. वहिनी मागच्या सीटवर झोपली होती, ती उठून म्हणाली, तुम्हा दोघांच्या घरात अहिराणी कोण बोलतं? दोघंही गप्प बसलो.

किर्लोस्करांचं मराठी शाकुंतल पुण्यात रंगमंचावर आलं ते 1880च्या ऑक्टोबरात. त्याच वर्षीच्या ऑगस्टात जळगावजवळच्या आसोद्याला बहिणाबाईंचा जन्म झाला होता. दोन्ही तारखा मला पाठ आहेत, पण त्या शेजारी ठेवून कधी बघितल्या नव्हत्या. बहिणाबाईंच्या ओळींना मात्र कुणी हसत नाही. त्यांचं 'मानूस', त्यांचे 'डोये' ऐकून सभागृह गंभीर होतं, बायका डोळ्यांना पदर लावतात. कारण 1952 साली त्या गाण्यांचं पुस्तक आलं, अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली, मग ती शाळेच्या पुस्तकात आली, आणि अण्णांसारख्या मास्तरांनीच ती आम्हाला वर्गात, 'माले'वर लाल रेघ मारणाऱ्या त्याच तोंडानं, मोठ्या प्रेमानं शिकवली. पुस्तकातून आलेली बोली आम्हाला चालते. बाजेवर बसून समोर बोलायला लागली की गोंधळ होतो.

भरिताच्या टाळीबद्दल माझं मत आता तितकंसं कडक राहिलेलं नाही. तो पाहुणा नट आपलं नाव घेतो तेव्हा आपण आहोत हे कुणीतरी वरून, उजेडातून सांगतो, आणि त्या सुखाला हसण्यासारखं काही नाही. मला खुपतं ते इतकंच की तेवढ्यावर आमचं भागतं. त्या नाटकातल्या बाईचं भाजी काढतानाचं वाक्य, मला काय आवडतं हे कुणी विचारलं नाही, हे कधी कुणी आईंच्या बोलीत म्हणेल का, आणि म्हटलं तर लोक किती वेळ हसतील? स्पर्धेत त्या मोबाईलवाल्या नाटकाला तिसरंसुद्धा बक्षीस मिळालं नाही. दिवाणखान्याला मिळालं. नाटक वाईट नव्हतं ते, उगीच कशाला बोला.

आमच्या गल्लीत वरच्या मजल्यावर एक मुलगी राहते, जळगावला कॉलेजात जाते, मूळची बीडकडची. तिच्या कॉलेजच्या एकांकिकेत तिला आजीचं काम मिळालं आहे, इथल्या बोलीतलं. मध्यंतरी ती वही घेऊन आईंकडे आली. आईंनी आधी हात झटकले. "आमचं बोलनं काय शिकाचं असते काय?" मग पहिलं वाक्य ऐकलं आणि त्यांना राहवलं नाही. आता रोज संध्याकाळी मालिकेच्या वेळेला शिकवणी असते. पोरगी 'काळा' म्हणते, आई वाटाण्यांवरून मान वर न करता 'काया' म्हणतात. 'मला' म्हणते, 'मले' म्हणतात. परवा तर तिला उठून चालून दाखवायला लावलं, गुडघा दुखणारी बाई उंबरा कशी ओलांडते ते. दाराला एक हात लावायचा, पण जोर द्यायचा नाही, सवयीचा असतो तो हात. मुलगी हुशार आहे, सूर खाली सोडायलाही शिकली. प्रयोगाला आम्ही जाणार आहोत, व्हॅन सांगून ठेवली आहे, आईंनी साडी काढून ठेवली आहे.

जाताना जिन्यात त्या मुलीनं मला हळूच सांगितलं, काकू, ते काम तसं कॉमेडी आहे. आजी आली की हशे आहेत. आईंना मी हे अजून सांगितलेलं नाही.